केमोनंतर अंगावर उठलेल्या जांभळट गाठी: बायोप्सीची इतकी घाई का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भावाला एएमएल, म्हणजे तीव्र मायलॉइड ल्युकेमिया आहे. पहिल्या केमोला दोन आठवडे होत आले. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काउंट १०० च्या खाली आहे आणि अँटिबायोटिक्स चालू असूनही ताप हटत नाही. काल पिंडरीवर दोन गाठी दिसल्या, आज दंडावर एक. रंग जांभळट, हात लावला की दुखतात. डॉक्टर त्वचेची बायोप्सी करायची म्हणतात. प्लेटलेट १८ हजार आहेत, बुरशीवरचं इंजेक्शन आधीपासून चालू आहे, मग वर आणखी जखम कशाला?

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. बायोप्सी करू द्या, आणि होत असेल तर आजच होऊ द्या. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. कॅन्सरच्या वॉर्डातून 'पेशंटच्या अंगावर काहीतरी उठलंय' असा निरोप आला की हातातलं काम ठेवून जाते. काउंट पडलेला, ताप चालू आणि त्वचेवर नवीन गाठ, हे तिन्ही एकत्र आले की थांबून बघण्यात वेळ घालवायचा नसतो. त्या गाठीत बुरशी नसेलही, पण असली तर तिचा पत्ता सगळ्यात लवकर तिथेच लागतो.

गाठ एवढीशी दिसते म्हणून घरच्यांना ती किरकोळ वाटते, यात तुमची चूक नाही. एरवी संसर्ग झाला की जागा लाल होते, सुजते, गरम लागते, पू धरते. हे सगळं घडवून आणतात त्या आपल्या पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिलच नसतील तर पू होणार कशाचा? त्यामुळे रक्तातून सगळीकडे पसरलेला संसर्गही अशा रुग्णाच्या अंगावर अर्ध्या-एक सेंटिमीटरची, दिसायला साधी पुळी होऊन येतो. त्यात सावळ्या आणि काळ्या त्वचेवर लाली फारशी उमटत नाही. पुस्तकातल्या फोटोंमध्ये जे लाल दिसतं ते अशा त्वचेवर जांभळं, तपकिरी किंवा राखाडी दिसतं, कधीकधी नुसतं बोटालाच लागतं. म्हणून मी नुसती बघत नाही, हात फिरवते. खालची त्वचा घट्ट झाली आहे का, दाबल्यावर रुग्ण कळवळतो का, हे रंगापेक्षा जास्त सांगून जातं.

गाठीचा मधला भाग काळा का पडतो, तेही समजून घ्या. अ‍ॅस्परजिलस, म्युकर आणि फ्युझेरियम या बुरशींचे धागे रक्तवाहिनीच्या भिंतीतून आत शिरतात आणि आतच वाढतात. तिथे गुठळी होते आणि पुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. पाटात गाळ बसला की पुढचा वाफा सुकतो, तसंच. आधी डाग, मग गाठ, मग मध्यभागी राखाडी किंवा जांभळा ठिपका, कधी रक्ताने भरलेला फोड आणि शेवटी काळी खपली. हा प्रवास कधीकधी एक-दोन दिवसांत होतो. म्हणून गाठ दिसली की मी तिच्या कडेने पेनाने रेघ मारते, शेजारी तारीख-वेळ लिहिते, मोजपट्टी ठेवून फोटो काढते. दुसऱ्या दिवशी रेघेच्या बाहेर गेली का, हे मग कुणालाही सांगता येतं.

आता कोणती बुरशी कशी दिसते. भावाच्या बाबतीत माझ्या मनात सगळ्यात आधी येतं ते फ्युझेरियम. ही माती, झाडपाला आणि पाण्यात राहणारी बुरशी आहे. निरोगी माणसाला ती फार तर नखाचा किंवा डोळ्याच्या बुबुळाचा त्रास देते. काउंट पडलेल्या रुग्णात मात्र ती रक्तात उतरते, आणि पसरलेल्या फ्युझेरियमच्या दहापैकी सहा-सात रुग्णांच्या त्वचेवर खुणा दिसतात. दुसऱ्या कुठल्याही बुरशीत हे प्रमाण इतकं मोठं नाही. गाठी बहुतेक वेळा हातापायांवर, दुखऱ्या, मध्ये काळवंडलेल्या असतात, आणि एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांत असतात. एक नुकती उठलेली, एक जांभळी, एक खपली धरलेली. काल दोन, आज तीन असं वाढत जाणं हेही तिच्या वागण्याला धरूनच आहे.

फ्युझेरियमचा संशय आला की मी रुग्णाचे मोजे काढायला लावते. पायाच्या अंगठ्याचं नख जाड, पिवळट, वर्षानुवर्षं तसंच असतं आणि त्याकडे कुणी लक्ष दिलेलं नसतं. पण नखाच्या कडेची त्वचा सुजलेली, जांभळट, दाबल्यावर दुखणारी असेल, तर दार तिथेच उघडलेलं असू शकतं. बोटांच्या बेचक्या एकेक फाकवून टॉर्चच्या उजेडात बघते. तिथली ओलसर पांढरी चीर, नखाचा मुळाशी झालेला काळसर बदल, टाचेची भेग, सगळं नोंदवते आणि नखाचा कीस तपासायला पाठवते. तुमच्या भावाच्या पायांची बोटं कुणी नीट बघितली नसतील, तर आज डॉक्टरांना ती आठवणीने दाखवा.

कॅन्डिडा वेगळी वागते. ती यीस्ट, म्हणजे धाग्यांऐवजी गोलसर पेशींची बुरशी आहे, बहुधा आतड्यातून किंवा सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून) रक्तात जाते. रक्तातल्या कॅन्डिडाच्या साधारण दहातल्या एखाद्याच रुग्णाच्या त्वचेवर पुळ्या येतात. गुलाबी-लालसर, मध्ये किंचित फिकट, छाती-पाठ आणि हातापायांवर विखुरलेल्या. प्लेटलेट कमी असतील तर त्यांतच रक्त उतरतं आणि त्या जांभळ्या दिसतात. ताप, पुळ्या आणि स्नायूंचं जबर दुखणं हे त्रिकूट जुळलं की कॅन्डिडाचा विचार करायचाच. पोटऱ्या इतक्या दुखतात की रुग्ण पाय हलवू देत नाही. कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस या जातीत हे जास्त दिसतं. तोंडातली पांढरी बुरशी किंवा जांघेतला नायटा म्हणजे हा आजार नव्हे. त्यांना घाबरून जाऊ नका, मात्र सांगा जरूर.

अ‍ॅस्परजिलस त्वचेवर दोन वाटांनी येते. फुप्फुसातून रक्तावाटे पसरून आली, तर शेकडा ५ ते १० रुग्णांत काळ्या मध्याच्या गाठी दिसतात. दुसरी वाट बाहेरून. सलाईनची जागा, हात सरळ ठेवायला बांधलेली फळी, सेंट्रल लाइनवरची चिकटपट्टी, यांच्याखाली दमट झालेली, सोललेली त्वचा. पट्टी बदलताना तिच्याखाली जांभळट चकंदळ किंवा रक्ताळलेला फोड दिसला, तर 'चिकटपट्टीची अ‍ॅलर्जी' म्हणून वर नवी पट्टी चिकटवू नये. हा प्रकार लवकर सापडला तर बरा होतो, कारण तो अजून त्या जागेपुरताच असतो.

म्युकरबद्दल हात जोडून सांगते, तिथे तासांचा हिशोब आहे. गालाला बधिरपणा, नाकातून रक्ताळ किंवा काळसर स्राव, नाकाच्या आत किंवा टाळूवर काळी खपली, डोळ्याभोवती सूज, एकाची दोन चित्रं दिसणं, यांतलं एक जरी दिसलं तरी रात्री २ वाजता असलं तरी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना उठवा. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरच्या २००८ मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात, निदानानंतर अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध सुरू व्हायला सहा किंवा त्याहून जास्त दिवस उशीर झालेल्यांचं मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. यात औषधाबरोबर मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावाही लागतो, कारण रक्तच पोचत नाही तिथे औषध कसं पोचणार?

ट्रायकोस्पोरॉन आणि क्रिप्टोकॉकस ही आणखी दोन नावं. पहिली काउंट पडलेल्यांत जांभळ्या पुळ्या आणते. दुसरी लिम्फोमाच्या, जास्त दिवस स्टिरॉइड घेणाऱ्या किंवा इब्रुटिनिबसारख्या कर्करोगावरच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांत मध्ये खळगी असलेल्या पुळ्या आणते, किंवा चक्क पायाला सेल्युलायटिस (त्वचेखालचा जिवाणूंचा संसर्ग) झाल्यासारखी दिसते.

एवढं वर्णन केल्यावर तुम्ही विचाराल, मग नजरेनेच का नाही ठरवत? मी नजरेने अंदाज बांधते. त्यावर उपचार बेतत नाही, आणि कुणी बेतू नये असं माझं ठाम मत आहे. 'औषध तर चालूच आहे' या तुमच्या मुद्द्याचं उत्तरही इथेच आहे. बुरशीवरचं एकच औषध सगळ्या बुरशींना लागू पडत नाही. कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन या गटातली इंजेक्शनं कॅन्डिडावर उत्तम, पण फ्युझेरियम, म्युकर, क्रिप्टोकॉकस आणि ट्रायकोस्पोरॉनवर त्यांचा उपयोग नाही. व्होरिकोनॅझोल अ‍ॅस्परजिलसवर पहिल्या पसंतीचं, फ्युझेरियमवरही वापरतात, म्युकरवर मात्र चालत नाही. म्युकरला लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं, जे ट्रायकोस्पोरॉनवर कच्चं पडतं. फ्लुकोनॅझोलचा या धाग्यांच्या बुरशींवर परिणाम नाही, आणि कॅन्डिडामधली क्रुसाय ही जात त्याला जन्मतःच दाद देत नाही. औषध चालू असताना गाठी उठल्या, याचा एक अर्थ असा होतो की आत जे आहे ते कदाचित या औषधाच्या टप्प्याबाहेरचं आहे. बायोप्सीची गरज त्याने वाढते.

रक्ताची कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. शरीरात खोलवर पसरलेल्या कॅन्डिडाच्या साधारण निम्म्या रुग्णांतच ती पॉझिटिव्ह येते. अ‍ॅस्परजिलस रक्तात जवळजवळ कधीच सापडत नाही. फ्युझेरियम धाग्यांची बुरशी असूनही बऱ्याच वेळा सापडतं, ही त्याची खासियत. गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकॅन या रक्ततपासण्या उपयोगी आहेत, पण म्युकरमध्ये दोन्ही निगेटिव्ह येतात. डोळ्यांसमोरच्या गाठीतून घेतलेला तुकडा या सगळ्यांपेक्षा जास्त बोलतो.

आता प्रत्यक्ष बायोप्सी कशी होते ते सांगते, म्हणजे भीती कमी होईल. रुग्ण पलंगावरच असतो. सगळ्यात ताजी, पण मध्ये रंग बदललेली गाठ निवडतो. बारीक सुईने जागा बधिर करतो, त्या टोचण्यापुरतंच दुखतं. ४ ते ६ मिलिमीटर व्यासाचं गोल पात्याचं पंच फिरवत खालच्या चरबीपर्यंत नेतो, कारण धागे शिरलेल्या रक्तवाहिन्या खोलवर असतात. वरवर खरवडलेल्या तुकड्यात काही सापडत नाही. मग दहा-पंधरा मिनिटं घट्ट दाब आणि एक-दोन टाके. १८ हजार प्लेटलेटवर हे करता येतं. रक्त गोठण्याच्या तपासण्या बघून, गरज वाटली तर आधी किंवा चालू असताना प्लेटलेट देतात. रक्त आलं तरी ते आपल्या बोटाखाली असतं, दाबता येतं. फुप्फुसाच्या किंवा यकृताच्या बायोप्सीत ही सोय नाही.

यापुढची गोष्ट रेसिडेंट डॉक्टरांसाठी लिहिते, पण तुम्हीही लक्षात ठेवा. तुकडे दोन हवेत. एक फॉर्मेलिनमध्ये, पॅथॉलॉजीसाठी. दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, मायक्रोबायॉलॉजीसाठी. दोन्ही फॉर्मेलिनमध्ये गेले की कल्चर संपली, कारण फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते. आणि कल्चरशिवाय काम अर्धवट राहतं. सूक्ष्मदर्शकाखाली फ्युझेरियम आणि अ‍ॅस्परजिलस दोघांचेही धागे बारीक, पडदे असलेले, कोनात फुटणारे दिसतात, नुसत्या स्लाइडवरून फरक सांगणं अवघड आहे. म्युकरचे धागे रुंद, फितीसारखे, जवळपास बिनपडद्याचे, म्हणून ते चटकन ओळखू येतात. म्युकरचा संशय असेल तर तो तुकडा कुटू नका, बारीक कापा, असा निरोप चिठ्ठीवर लिहायचा. कुटल्याने ते नाजूक धागे फुटतात आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही. तुकड्याचा ठसा काचेवर घेऊन केओएच (पेशी विरघळवून धागे मोकळे करणारं द्रावण) आणि कॅल्कोफ्लुओर (बुरशीला चमकवणारा रंग) यांत लगेच बघायचा. चिठ्ठी पाठवून न थांबता मी स्वतः लॅबमध्ये फोन करते. निळसर चमकणारे धागे दिसले की तासा-दोन तासांत औषध बदलता येतं, कल्चरचं नाव मग काही दिवसांनी येवो.

बुरशी निघालीच नाही तर? तोही मोठा फायदाच. अशीच काळ्या मध्याची जखम स्युडोमोनास या जिवाणूने होते, तिला एक्थिमा गँग्रिनोसम म्हणतात, आणि तिचं औषध वेगळं. ल्युकेमियाच्या पेशी स्वतः त्वचेत उतरतात, तेव्हाही जांभळ्या गाठी येतात. स्वीट सिंड्रोम नावाचा प्रकार एएमएलमध्ये आणि काउंट वाढवण्याच्या इंजेक्शनांनंतर दिसतो. ताप, दुखऱ्या लाल-जांभळ्या गाठी, अगदी हेच चित्र. त्याला स्टिरॉइड लागतं. म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या गाठींत एकात स्टिरॉइड देऊन माणूस दोन दिवसांत बरा होतो, आणि दुसऱ्यात तेच स्टिरॉइड बुरशीला मोकळं रान देतं. हे अंदाजावर सोडायचं? एक सावधगिरी मात्र ठेवा. कॅन्डिडाच्या गाठीत यीस्ट फार थोडे असतात आणि एका तुकड्यात हुकू शकतात. बायोप्सी निगेटिव्ह आली आणि नवीन गाठी येतच राहिल्या, तर पुन्हा बायोप्सी मागायला डॉक्टर कचरत नाहीत, तुम्हीही नाराज होऊ नका.

घरच्यांनी काय करावं? रोज अंग पुसताना पूर्ण त्वचा बघा. पाठ, काखा, जांघा, स्तनांखाली, केस गेलेलं डोकं, कानामागे, बोटांच्या बेचक्या, टाळू, सेंट्रल लाइनभोवती आणि ईसीजीच्या चकत्यांखाली. रुग्ण लाजून नितंब आणि गुदद्वाराजवळची गाठ सांगत नाहीत, ते हळुवार विचारा. दिवसाच्या उजेडात बघा. काही दिसलं तर मलम लावू नका, विशेषतः दुकानातून आणलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम तर नकोच. गाठ फोडू नका, नख कापून खोलवर कोरू नका. राउंडची वाट न बघता नर्सना दाखवा.

बुरशी ठरली तर पुढे छातीचं आणि सायनसचं सीटी, कॅन्डिडा असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी, लाइन काढायची का याचा निर्णय, असं सगळं भराभर होईल. त्वचेवर दिसलं म्हणजे आत काय आहे ते शोधायचं असतं. उपचार आठवड्यांनी नव्हे, बऱ्याचदा महिन्यांनी मोजावे लागतात, आणि औषधाइतकाच निर्णायक असतो तो काउंट परत येणं. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. काउंट चढायला लागला की गाठी आणखी सुजतात, लाल होतात, पू धरतात, ताप पुन्हा येतो. पांढऱ्या पेशी कामाला लागल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना लगेच सांगा, पण 'औषध फुकट गेलं' असं समजून खचू नका. फुप्फुसात बुरशी असेल तर याच दिवसांत खोकल्यातून रक्त येण्याचा धोकाही असतो, ते मात्र लपवायचं नाही.

पुढची केमो किंवा ट्रान्सप्लान्ट आता होणारच नाही का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेल. बऱ्याच रुग्णांत होतं. बुरशीचं औषध चालू ठेवून, स्कॅन सुधारल्याची खात्री करून पुढचा टप्पा घेतात. त्याआधी पायाचं ते जाड नख आणि बेचक्यांतल्या चिरा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. व्होरिकोनॅझोल सुरू झालं तर रक्तातली पातळी तपासायला सांगतील, कारण एकाच डोसने कुणात ती कमी पडते, कुणात जास्त होते. भाऊ व्हेनेटोक्लॅक्स ही ल्युकेमियावरची गोळी घेत असेल तर तिचा डोस कमी करावा लागतो, म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी जवळ ठेवा. व्होरिकोनॅझोलने सुरुवातीला डोळ्यांसमोर रंग चमकतात, कधी भासही होतात. घाबरू नका, पण सांगा. आणि हे औषध महिनोन्‌महिने चाललं तर उन्हात त्वचा पोळते, दीर्घकाळ घेणाऱ्यांत त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, सनस्क्रीन, आणि घरी गेल्यावरही दर काही महिन्यांनी त्वचेची तपासणी चालू ठेवा.